माझ्या गाठीवरचे दुसरे हात

पाच चिठ्ठ्या, दहा नावं, आणि त्यांत माझं नाव एकदाही नव्हतं. मी चिठ्ठ्या परत घडी करून ठेवल्या, परत उघडल्या. एखादी आत अडकली असेल म्हणून डबा उलटा करून टेबलावर ठोकला. त्यातून जुन्या चिवड्याचे दोन शेंगदाणे पडले. राग नंतर आला, भरपूर आला, पण पहिली काही मिनिटं मी नुसती सुन्न होऊन बसले होते. नवऱ्याने आतून विचारलं, "काय गं, काय पडलं?" मी म्हटलं, "काही नाही."

हा चिठ्ठ्यांचा प्रकार मीच सुरू केलेला. आम्ही सहा जण. गेली पंधरा-वीस वर्षं सह्याद्रीतले कडे-सुळके आणि मधूनमधून हिमालय करणारी, मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत पसरलेली टोळी. क्लब नाही, लेटरहेड नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तेवढा आहे. त्यात मी सगळ्यांत मोठी, सत्तावन्न वर्षांची, म्हणून सगळ्यांची ताई आणि ताई म्हणून आपोआप लीडर. यंदा लडाखमधलं सहा हजार मीटरच्या वरचं एक शिखर ठरलं होतं. माझं वय बघता एवढ्या उंचीची ही शेवटचीच मोहीम असणार हे मला ठाऊक होतं. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, पण मनातल्या मनात मी तीन महिने त्या शिखरावरच राहत होते.

त्या तीन महिन्यांत आमच्या घरात जेवायचं टेबल जेवायला मिळालं नाही. नवरा ताट मांडीवर घेऊन सोफ्यावर जेवायचा आणि तक्रार करायचा नाही, फक्त अधूनमधून "बेस कॅम्पवर लोणचं मिळेल का?" असं विचारायचा. टेबलावर नकाशा, फ्रिजवर उंचीचा तक्ता: कोणत्या दिवशी किती मीटर चढायचं आणि झोपायला किती खाली उतरायचं. जेवणाचं खातं अंधेरीच्या नवरा-बायकोकडे होतं. वर गेल्यावर भूक मरते, घरी आवडणारा पदार्थ तिथे डोळ्यांसमोर नको होतो, म्हणून ते दोघं दर रविवारी सरावाचे बावीस मजले चढून दमलेल्या माणसांना काहीतरी खायला घालून कोण काय खातं ते लिहून घ्यायचे. मेतकूट-भात पास झाला. खजुराचे लाडू सपशेल नापास. परवाने आणि कागदपत्रं बोरिवलीकर बघत होता, तो इंजिनिअर. दोर, बर्फाची हत्यारं, तंबू हे गोरेगावच्या पोराकडे. पोरगा म्हणजे चाळिशीचा बाप्या आहे, पण सिनेमाच्या सेटवर उंचावर दिवे टांगायचं काम करतो आणि माकडासारखा चढतो, म्हणून आमच्यासाठी पोरगाच. औषधं माझ्या घाटकोपरच्या मैत्रिणीकडे. ती शाळेत शिकवते आणि बावीस वर्षं ती आणि मी एका दोरावर चढत आलो आहोत.

सरावासाठी आमच्या शेजारच्या बावीस मजली टॉवरचा जिना मिळाला होता. पाठीवर पाण्याच्या बाटल्यांनी भरलेली सॅक घेऊन आम्ही चढायचो, आणि खालचा वॉचमन दर वेळी कळवळून सांगायचा, "मॅडम, लिफ्ट चालू आहे." आठ फेऱ्यांत मी तिसरी यायचे. चाळिशीतल्या दोघांना मागे टाकून. हे मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण चिठ्ठ्या बघितल्यावर मी स्वतःपुढे पहिली हीच साक्ष काढली.

तर चिठ्ठ्या. शिखराच्या आधी बर्फाची एक उभी भिंत होती. तिथे दोघादोघांनी एका दोराला बांधून घ्यायचं. एक घसरला तर दुसऱ्याने धरायचं, नाही धरता आलं तर दोघंही जातात. इथे मैत्री, नातं, भीड काही उपयोगाचं नाही. म्हणून मी बऱ्याच वर्षांपूर्वी पद्धत पाडली होती की प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन नावं लिहायची: तुझा जीव तू कोणाच्या हातात देशील. खाली सही नाही. लीडरने एकटीने उघडायच्या, जोड्या लावायच्या, आणि कोणी कोणाला का म्हणून विचारायचं नाही. नवरा-बायकोने एकमेकांची नावं लिहायची नाहीत, असा एक उपनियम होता. त्याचं कारण मी कधी सांगितलं नाही आणि अंधेरीच्या जोडप्याने कधी विचारलं नाही.

सही नसली तरी अक्षर लपत नाही. मैत्रिणीचं फळ्यावर लिहून लिहून गोल झालेलं अक्षर मी कुठेही ओळखीन. तिने पहिलं नाव बोरिवलीकराचं लिहिलं होतं, दुसरं गोरेगावकराचं. माझ्या स्वतःच्या चिठ्ठीवर मी पहिलं नाव तिचं लिहिलेलं होतं.

दोन दिवस मी कारणं शोधत बसले. वय? पण जिन्यात मी तिसरी. तापट स्वभाव? तो आहे, मान्य आहे. चाळीस मिनिटं उशिरा येणाऱ्याला मी सोडून निघून जाते आणि सॅकमध्ये नको ते भरणाऱ्याची सॅक रस्त्यावर रिकामी करते. पण स्वभाव लग्नाला बघतात, दोराला नाही बघत. मग वाटलं, यांना शिखरावर लवकर पोचायचंय, म्हातारीचं लोढणं नकोय. हे एकदा डोक्यात बसलं आणि मग रागाला पूर आला. बुधवारी दुपारी मी रिक्षा केली आणि एलबीएस रोडवरच्या मेट्रोच्या खोदकामाला, सिग्नलला, रिक्षावाल्याला, सगळ्यांना शिव्या देत घाटकोपरला तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

ती पलंगावर औषधांच्या पट्ट्या पसरून बसली होती. उंचीवरच्या डोकेदुखीच्या वेगळ्या, पोटाच्या वेगळ्या. मला बघून तिने विचारलंदेखील नाही की काय झालं. म्हणाली, "बस."

"बसायला नाही आले. तू माझं नाव का नाही लिहिलंस?"

"विचारायचं नाही असा नियम आहे ना तुझा?"

"नियम गेला खड्ड्यात. बावीस वर्षं गं. बावीस वर्षं तुझा दोर मी धरला. लिंगाण्याच्या सुळक्यावर तुझा पाय सुटला तेव्हा कोणी धरलं होतं?"

"तू धरलंस."

"मग? आता काय झालं? म्हातारी झाले? बोरिवलीकराचे दंड जाड आहेत म्हणून?"

ती पट्ट्या मोजत राहिली. मी आणखी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. एकदा मी म्हटलं की तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवून केलंत, हा कट आहे. तेव्हा मात्र ती उठली. तिचं माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं, चिडली की शाळेतली मराठी सुटते. "आता गप रव," ती म्हणाली, "आणि ह्यां बघ." आणि तिने फोन माझ्या हातात दिला.

जानेवारीतला लिंगाण्याचा व्हिडिओ होता. अंधेरीच्या जोडप्यातल्या तिने काढलेला. ग्रुपवर त्या ट्रेकचे शंभर फोटो आले होते, पण हा मी कधी बघितला नव्हता. त्यात मी उभी आहे, कमरेच्या पट्ट्याला दोर बांधतेय आणि बडबडतेय. खालच्या गावात पिठलं किती पातळ होतं, याबद्दल. आता ही गाठ मारायची पद्धत अशी: दोराचा इंग्रजी आठचा आकडा करायचा, टोक पट्ट्यातून ओवायचं आणि मग ते टोक त्याच आठाच्या वाटेने परत उलट फिरवून आणायचं. दुसरा अर्धा भाग केला नाही तर ती गाठ नाही, नुसता दिखावा. मी पहिल्या दिवशी आलेल्या माणसाला सगळ्यांत आधी शिकवते ती हीच गाठ.

व्हिडिओत मी आठ केला, टोक ओवलं. मग हाताने दाखवलं, एवढं पातळ पिठलं. मग त्या गाठीवर थाप मारली, झालं की मी नेहमी मारते तशी, आणि कड्याकडे वळले. टोक तसंच लोंबत होतं.

मी व्हिडिओ थांबवला. मागे नेला. परत बघितला. हे मी नाहीच, असं काहीतरी माझ्या तोंडून गेलं, आणि ते किती मूर्खपणाचं आहे हे बोलतानाच कळलं. माझा निळा शर्ट, माझा आवाज, माझी थाप.

"पुढे बघ," ती म्हणाली.

पुढे ती फ्रेममध्ये येते. म्हणते, "थांब गं, तुझा पट्टा पिरगळलाय." माझ्यासमोर वाकते. मी वर कड्याकडे बघत पिठल्याचंच बोलतेय, आणि खाली तिचे हात माझी गाठ पुरी करताहेत. चार सेकंद लागले असतील. मग मी म्हणते, "झालं का तुझं? किती ती कटकट." आणि चढायला लागते. तो पट्टा मला चांगला आठवत होता. त्या दिवशी मी दोघातिघांना सांगितलं होतं की हिला आजकाल उगाच हात लावायची सवय लागलीय.

 मी औषधांच्या पट्ट्यांवरच बसले. लिंगाण्यावरून खाली थेट दरी आहे, हे गेलेल्याला माहीत आहे.

"एकदा झालं," मी म्हटलं. "एकदा कोणाचंही होतं."

"माझ्यासमोर दोनदा. गोरेगावकराने एकदा बघितलं, हरिश्चंद्रगडाला. अंधेरीच्या दोघांनी एकदा. दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं तुम्ही सगळे माझ्या गाठी तपासताय?"

"ठरवून नाही गं. जो जवळ असेल तो बघतो. कोणी पट्टा नीट करतं, कोणी पाणी द्यायला येतं."

मला एकेक आठवायला लागलं. कड्याच्या तळाशी मला सारखं पाणी विचारणारे. माझ्या सॅकचा बंद ओढून देणारे. अंधेरीची ती, जी चढाईच्या आधी दर वेळी मला मिठी मारायची आणि मी म्हणायचे, किती गोड पोरगी आहे. माझ्या मोठेपणाची ती सेवा आहे असं समजून मी दोन वर्षं ती ऐटीत करून घेतली होती. लाज वाटली असं म्हणणं फार थोडं होईल. मला त्या पलंगाखाली जाऊन पडावंसं वाटलं.

"मला सांगितलं का नाही कोणी?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "बोरिवलीकराने. विसरलीस?"

विसरले नव्हते. एका शिबिरात, वीसेक नवीन लोकांसमोर, त्याने माझ्या गाठीला हात लावला होता. मी त्याचा हात झटकून म्हटलं होतं, "मी गाठी मारत होते तेव्हा तू शाळेच्या बाकावर होतास." लोक हसले होते. संध्याकाळी त्याने येऊन माझी माफी मागितली होती, आणि मी ती मोठ्या मनाने दिली होती.

घरी येऊन मी स्वयंपाकघरात दोर घेऊन बसले. गप्प राहून बांधली तर गाठ दहातल्या दहा वेळा बरोबर. मग नवऱ्याला म्हटलं, तू माझ्याशी बोल. तो बिचारा सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलत राहिला आणि मी उत्तरं देत बांधत राहिले. सहाव्या गाठीला टोक मोकळं राहिलं. नवरा म्हणाला, "झालं?" कारण मी गाठीवर थाप मारली होती. नोकरीत असताना अंधेरीच्या ऑफिसात एकतीस वर्षं मी इंजिनिअरांनी काढलेली ड्रॉइंगं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधायचाच पगार घेतला. आणि स्वतःच्या गाठीकडे मी शेवटचं डोळ्यांनी कधी बघितलं, ते मला आठवेना. हाताला येतं म्हणून डोळ्यांनी बघायचं कधीतरी सोडून दिलं होतं.

रविवारी जोड्या जाहीर करायच्या होत्या. सगळे आले. जिना झाला, पोहे झाले. मैत्रीण माझ्याकडे बघत नव्हती. मी उभी राहिले आणि म्हटलं, "चिठ्ठ्यांत माझं नाव एकदाही नाही. का नाही ते मला बुधवारी कळलं. व्हिडिओ बघितला."

अंधेरीच्या तिचा चेहरा पडला. गोरेगावकर म्हणाला, "ताई, सॉरी यार." मला सॉरी नको होतं. खरं सांगायचं तर मला रागवायचं होतं आणि आता रागवायला एक धड कारणही सापडलं होतं. मी म्हटलं, "तुम्ही माझं मन राखत बसलात. अरे, मन राखायला मी काय नवी नवरी आहे? जो जवळ असेल तो बघतो म्हणे! आणि एखाद्या दिवशी प्रत्येकाला वाटलं की दुसऱ्याने बघितलंय, तर?"

हे मी तावातावात बोलले आणि बोलता बोलता थांबले. कारण मला मागच्या महिन्यातला मुंब्र्याचा कडा आठवला. सगळे वरून दोराने उतरलो होतो. वर खडकात ठोकलेल्या बोल्टला दोर मी बांधला होता. त्या एका गाठीवर पाचही जण एकामागून एक उतरले, मी शेवटी राहिले.

"मुंब्र्याला," मी विचारलं, "वरची गाठ कोणी बघितली?"

मैत्रीण म्हणाली, "मी मागे सॅक भरत होते. मला वाटलं, हा आहे कडेला." तिने गोरेगावकराकडे बघितलं. तो म्हणाला, "मी दोराचा गुंता सोडवत होतो. मला वाटलं, ह्यांनी बघितलं." त्याने अंधेरीच्या दोघांकडे हात केला. त्यांतला नवरा म्हणाला, "मी नाही," आणि बायकोकडे वळला. ती नुसती मान हलवत होती.  बोरिवलीकर हातातली बशी फिरवत होता. शिबिरातल्या त्या दिवसानंतर त्याने माझ्या गाठीला कधीच हात लावला नव्हता, हे मला न विचारताही कळत होतं.

कोणीच बघितली नव्हती. 

मला आणखी एक गोष्ट माहीत होती जी त्यांना माहीत नव्हती, आणि ती गिळून टाकावी असं क्षणभर मनात आलं. पाच माणसांचं वजन घेतलेली आठाची गाठ अशी आवळते की सोडवताना नखं मोडतात, कधी दात लावावे लागतात. मुंब्र्याला सगळे उतरल्यावर ती गाठ सोडायला मी वाकले. सोडून, दोर दुहेरी घालून मला खाली यायचं होतं. गाठ पहिल्याच ओढीला सुटली होती. मी खूश झाले होते. आज बरी सुटली, असं मनाशी म्हणालेही होते.

मी ते त्यांना सांगितलं.  ती गाठ पुरी होती की अर्धी, ते मला आजही माहीत नाही, आणि कधी कळणारही नाही. अर्धवट फिरवलेलं टोक घासून धरूनही राहतं कधीकधी. कधीकधी नाही राहत.

 मग बोरिवलीकर, अगदी हळू, जणू स्वतःलाच सांगितल्यासारखा म्हणाला, "ताई, पहिला मी उतरलो होतो."

 मी त्याच्याकडे बघितलं, तो हातातल्या बशीकडे बघत होता. मी टेबलावरची यादी ओढली, पेन घेतलं आणि वर जाणाऱ्यांतलं पहिलं नाव, माझं, खोडलं. खाली लिहिलं, तिघांचा एक दोर, दोघांचा एक. लीडर म्हणून मैत्रिणीचं नाव घातलं. मग मी पेन हातात धरून थांबले. खोटं कशाला बोलू, वाट बघत थांबले. आता कोणीतरी म्हणेल, ताई, असं काय करतेस, तुझ्याशिवाय कसं जायचं. दोन वर्षं ज्यांनी मला एक शब्द लागू दिला नव्हता, त्यांच्यातलं कोणीतरी म्हणेलच.

कोणी म्हणालं नाही. मैत्रिणीने हात पुढे करून माझ्या हातातून यादी घेतली, आणि ती एकेका नावापुढे दोराचा आकडा लिहायला लागली.